वाचकांचे प्रश्न : तार्नच्या घळीतले ला मालेन

मागील अंकात आम्ही दक्षिण फ्रान्समधील ला मालेन या गावाची छायाचित्रे एका लहान टिपणासह छापली होती. लोझेर जिल्ह्यात तार्न नदीने चुनखडीच्या पठारात कोरलेल्या घळीच्या तळाशी हे गाव आहे. दीडशेच्या आसपास वस्ती, दगडी घरे, डोक्यावर कडे आणि नदीत सपाट बुडाच्या होड्या एवढेच त्या छायाचित्रांत दिसत होते, पण त्यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न नेमके आणि विचार करायला लावणारे आहेत. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये नदी अशा अडचणीच्या जागी माणसांनी गाव का वसवले असेल? शेतीला जमीन दिसत नाही, पूर येत असणार, उन्हाचेही तास मोजकेच. (वाचक, कोल्हापूर)

छायाचित्र नदीपात्रातून घेतले की घळ म्हणजे बंद कोठडी वाटते. प्रत्यक्षात ला मालेन वसले ते तेथे कोठडीला दारे आहेत म्हणून. तार्नची घळ साधारण पन्नास किलोमीटर लांब आणि चारशे ते सहाशे मीटर खोल आहे, आणि तिच्या बहुतेक लांबीत पठारावरून नदीपर्यंत जनावरांसह उतरणे शक्य नाही. ला मालेनपाशी मात्र उत्तरेच्या सोव्हतेर पठारावरून आणि दक्षिणेच्या मेजां पठारावरून खाली येणाऱ्या कोरड्या घळया समोरासमोर येतात. त्यामुळे एका पठारावरून दुसऱ्यावर जाणारी माणसे, खेचरे आणि मेंढ्यांचे कळप येथेच नदी ओलांडत. या गावाच्या अस्तित्वाचे कारण नदीच्या प्रवाहापेक्षा तो आडवा ओलांडणाऱ्या वाटेत शोधावे लागते. गावातले रोमनेस्क शैलीचे चर्च १२व्या शतकातले आणि जमीनदाराचा वाडा १५व्या शतकातला आहे, त्यावरून ही वाट किती जुनी आणि उत्पन्नाची होती याचा अंदाज येतो.

शेतीविषयीची आपली शंका अर्धीच बरोबर आहे. घळीच्या उतारांवर पिढ्यान् पिढ्या दगडी बांध रचून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली होती. वरच्या पठारावर हिवाळी वारा सोसत नाही अशी द्राक्षे, बदाम, अक्रोड आणि फळझाडे खाली कड्यांच्या उबेत होत, तर धान्य, मांस आणि लोकर पठारावरून येई. अशा देवघेवीवर ही गावे उभी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, सैनिकांनी गाव जाळले, तेव्हा साठवलेल्या अक्रोडांचा तेलकट धूर वरच्या कड्याला चिकटून काळा डाग पडला अशी कथा गावात सांगतात. कथा खरी मानावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण अक्रोड हे येथले धन होते एवढे ती नक्कीच सांगते.

आज त्या बांधांपैकी बहुतेक झुडपांखाली गेले आहेत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात द्राक्षवेलींवरील फिलोक्सेरा या किडीने फ्रान्सभर मळे उद्ध्वस्त केले, खाणी आणि कारखाने तरुणांना ओढू लागले, आणि पुढे पहिल्या महायुद्धाने उरलेल्यांतले बरेच नेले. १८५१ च्या सुमारास एक लाख चव्वेचाळीस हजारांवर लोक असलेल्या लोझेर जिल्ह्यात आज सुमारे शहात्तर हजार लोक राहतात आणि तो फ्रान्समधला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा आहे. वरच्या अंगाला इस्पान्याक परिसरात मात्र अलीकडच्या काळात काही उतारांवर पुन्हा द्राक्षे लावली गेली आहेत.

प्रश्न : टिपणात एक वाक्य होते की घळीत तार्नला एकही ओढा येऊन मिळत नाही. मग उन्हाळ्यात नदी आटत कशी नाही? (विद्यार्थिनी, भूगोल विभाग, छत्रपती संभाजीनगर)

वाक्य पुरेसे स्पष्ट नव्हते. पृष्ठभागावरून वाहत येणारा बारमाही ओढा घळीत मिळत नाही, असे म्हणायला हवे होते. पाणी येते ते खडकाच्या आतून.

तार्न उगम पावते मों लोझेर या ग्रॅनाइटच्या डोंगरावर, दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर. तिकडून येताना ती पाणी घेऊनच घळीत शिरते. दोन्ही बाजूंची पठारे मात्र जुरासिक काळातल्या सागरी चुनखडीची आहेत. सह्याद्रीतला बेसॉल्ट पाणी झटकून टाकतो आणि पावसाळ्यात कड्याकड्यावरून धबधबे कोसळतात. चुनखडी पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळते, भेगा रुंद होत जातात आणि पडलेला पाऊस जवळजवळ सगळाच खाली झिरपतो. तो शेकडो मीटर खाली, पाणी न झिरपू देणाऱ्या थरापर्यंत पोचला की आडवा वाहत घळीच्या भिंतीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. तार्नच्या घळीत असे सुमारे चाळीस झरे आहेत. सेंत-एनिमी गावातला ब्यूर्लचा झरा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध, कारण एनिमी नावाच्या मेरोव्हिंजियन (फ्रान्समधील एका प्राचीन राजघराण्यातल्या) राजकन्येचे कुष्ठ त्याच्या पाण्याने बरे झाले अशी आख्यायिका आहे. सें-शेली गावात झऱ्याचे पाणी घरांच्या पायथ्यातून निघून धबधब्यासारखे थेट नदीत पडते. हे पाणी वर्षभर थंड असते आणि उन्हाळ्यात नदीला तेच तगवते.

याची दुसरी बाजू अशी की वरच्या पठारावर पाण्याचा थेंब धरून ठेवणे हाच जगण्याचा प्रश्न होता. तेथील जुनी घरे पाहिली तर छपरावर दगडी चिपा, छतावरचे पाणी गोळा करणारी पन्हळ आणि घराखाली टाके अशी रचना दिसते. लाकूडही दुर्मीळ असल्यामुळे मजले दगडी कमानींवर तोललेले, खाली मेंढ्या आणि वर माणसे. कळपांसाठी खोलगट जागी चिकणमाती ठासून किंवा दगड बसवून उथळ गोल तळी केलेली असत. त्यांना तेथे ‘लाव्होन्य’ म्हणतात आणि त्यांतली बरीच आजही वापरात आहेत. शेती होते तीही खडक विरघळून तयार झालेल्या बशीसारख्या खळग्यांत, कारण लाल माती तेवढ्याच ठिकाणी साठते.

खडक आतून किती पोखरलेला आहे हे प्रथम पद्धतशीरपणे दाखवले ते एदुआर-आल्फ्रेद मार्तेल (१८५९–१९३८) या पेशाने वकील असलेल्या गृहस्थांनी. आधुनिक गुहाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १८९७ साली त्यांचे सहकारी, ल रोझिए गावचे लोहार लुई आर्मां यांना मेजां पठारावर एक खोल विवर सापडले, आणि त्याच्या तळाशी चुन्याच्या शेकडो स्तंभांचे दालन निघाले. त्यांतला सर्वांत उंच स्तंभ तीस मीटरचा आहे. १९२७ पासून ते लोकांना पाहण्यासाठी खुले आहे आणि त्याला आर्मां यांचेच नाव आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी लोहाराचे हे नाव लक्षात ठेवावे, कारण मार्तेल यांचे नाव पाठ्यपुस्तके लक्षात ठेवतातच.

प्रश्न : ला मालेनच्या होड्या केवळ पर्यटकांसाठी आहेत का? (वाचक, मालवण)

आज होय. २०व्या शतकाच्या आरंभी घळीच्या तळातून रस्ता झाला, त्यापूर्वी मात्र गावागावांतली ने-आण होडीनेच होई आणि नावाडी हा व्यवसाय कुटुंबात बापाकडून मुलाकडे जाई. मार्तेल आणि त्यांच्या काळातल्या प्रवाशांनी घळीची कीर्ती पॅरिसपर्यंत पोचवली, तसे या नावाड्यांना माल सोडून माणसे वाहण्याचे काम मिळाले. रस्ता झाल्यावर माल बंद झाला, पण माणसे राहिली. नावाडी लांब काठीने तळ रेटत होडी प्रवाहाबरोबर खाली नेतात. ‘देत्र्वा’ नावाच्या सर्वांत अरुंद भागातून जाणारा हा प्रवास साधारण आठ किलोमीटरचा आणि तासाभराचा असतो. तेथून पुढे होडी नेता येत नाही, कारण थोड्याच अंतरावर दरड कोसळून पडलेल्या प्रचंड शिळांखाली नदी अक्षरशः दिसेनाशी होते. परतीला उतारू गाडीने येतात आणि होडीही मालमोटारीवर चढते.

ला मालेनच्या वरच्या अंगाला ओतरिव नावाची वाडी आहे. रस्ता समोरच्या तीरावर असल्याने तेथे आजही पायवाटेने किंवा होडीने जावे लागते आणि सामानासाठी नदीवर तार बांधलेली आहे. घळीतले जुने जीवन कसे असेल याची कल्पना संग्रहालयापेक्षा त्या तारेवरून अधिक चांगली येते, असे आम्हांला वाटते.

प्रश्न : आमच्या भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात. तिकडे असे स्थलांतर आहे का? (वाचक, फलटण)

आहे, पण ला मालेनच्या लगतच्या पठारांवर कमी आणि शेजारच्या डोंगरांत अधिक. भूमध्य समुद्राकडच्या सखल लांगदॉक प्रदेशातले कळप जूनमध्ये मों लोझेर, एग्वाल अशा उंच, ग्रॅनाइट आणि शिस्ट या खडकांच्या डोंगरांवर चढतात आणि उन्हाळा संपला की उतरतात. त्यांच्या शेकडो वर्षांच्या वाटा डोंगरमाथ्यांवर रुंद पट्ट्यांसारख्या अजून दिसतात. आपल्याकडे पावसापासून आणि चाराटंचाईपासून बचाव म्हणून खाली उतरणे असते, तिकडे उन्हापासून बचाव म्हणून वर चढणे असते. फ्रान्ससह दहा देशांची ही परंपरा २०२३ पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. मेजां आणि सोव्हतेर पठारांवरचे कळप मात्र बहुतांशी आपापल्या मळ्यावरच वर्षभर राहतात. हिवाळ्यात गोठ्यात, एरवी कुरणावर. यांतले काही कळप मांसासाठी असतात आणि काही दुधासाठी. लाकोन जातीच्या मेंढीच्या कच्च्या दुधापासूनच रॉकफोर चीज करता येते, असा नियम आहे. त्या चीजचे नाव कायद्याने राखीव झाले ते १९२५ साली, आणि फ्रान्समध्ये असे संरक्षण मिळालेले ते पहिले चीज होय.

प्रश्न : कड्यांवर गिधाडांचे थवे दिसत होते. आपल्याकडे गिधाडे संपत आली असताना तिकडे ती टिकली कशी? (निसर्गमित्र, चंद्रपूर)

टिकली नव्हती. ती परत आणली गेली, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे.

या घळींतले ग्रिफन जातीचे शेवटचे गिधाड १९४० च्या दशकात नाहीसे झाले. बंदुका हे एक कारण, लांडग्या-कोल्ह्यांसाठी पेरलेली विषारी आमिषे हे दुसरे, आणि मेलेली जनावरे उघड्यावर न टाकता त्यांची विल्हेवाट कारखान्यात लावण्याची सक्ती हे तिसरे. पक्षिप्रेमींच्या संस्थेने आणि १९७० साली स्थापन झालेल्या सेव्हेन राष्ट्रीय उद्यानाने बंदिवासात वाढवलेले पक्षी जाँत नदीच्या घळीत, म्हणजे मेजां पठाराच्या दक्षिण कडेला, १९८१ पासून सोडायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षांत साठएक पक्षी मुक्त झाले. हे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता. आज तेथे शेकडो जोड्या घरटी करतात आणि १९९२ पासून सोडलेल्या काळ्या गिधाडांचीही वस्ती झाली आहे.

पक्षी सोडणे हा त्यातला सोपा भाग होता. अवघड भाग होता मेंढपाळांची मने वळवण्याचा आणि कायदा वळवण्याचा. पक्षी सोडण्याआधी संस्थेचे कार्यकर्ते घरोघरी, गोठोगोठी फिरले. गिधाड कोकरू उचलून नेत नाही, त्याच्या पायांत ती ताकदच नसते, हे पटवून द्यावे लागले. पुढे १९९८ पासून शेतकऱ्याला आपल्याच मळ्यावर कुंपण घातलेल्या मंजूर जागेत मेलेली मेंढी ठेवण्याची परवानगी मिळाली. अशा जागा तयार झाल्यावर दूरच्या मळ्यांवर मृत जनावरे गोळा करायला येणाऱ्या गाडीचा फेरा वाचला, गिधाडांना अन्न मिळाले आणि शेतकरी या व्यवहाराचा भागीदार झाला. सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. अडलेल्या किंवा आजारी जनावरावर गिधाडे जिवंतपणीच तुटून पडल्याच्या तक्रारी अधूनमधून होतात आणि त्यांवर पशुवैद्यांकडून तपासण्या होतात.

आपल्याकडचे संकट वेगळ्या वाटेने आले. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश शवात राहतात आणि ते खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केले, तोवर तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांपुरती बंदी आली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित शवे ठेवण्याच्या जागा चालवल्या आहेत, आणि तत्त्वतः ती व्यवस्था तार्नकाठच्या जागांसारखीच आहे. फरक असा, की तिकडे जागा शेतकऱ्याची आणि मृत जनावराची विल्हेवाट लावण्याची गरजही त्याचीच. आपल्याकडे अशी योजना पशुपालकाच्या स्वतःच्या सोयीशी जोडता आली तर ती अधिक टिकेल, असे आमचे मत आहे.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यान आणि जागतिक वारसा असा दर्जा असलेल्या भागात मेंढ्या चरू का देतात? चराई थांबवून जंगल वाढू देणे अधिक योग्य नव्हे काय? (वाचक, पुणे)

हा प्रश्न अनेकांच्या मनात असावा, कारण संरक्षण म्हणजे माणसाने आणि जनावराने बाहेर पडणे अशी आपली सवयीची समजूत आहे. २०११ साली युनेस्कोने कॉस (ही चुनखडीची पठारे) आणि सेव्हेन (शेजारचे डोंगर) या सुमारे तीन हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशाची नोंद केली ती निसर्गासाठी नव्हे, तर भूमध्यसागरी कृषि-पशुपालनाने घडवलेला सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून. येथे वारसा आहे तो चराईच. कुरणे, दगडी गोठे, तळी आणि वाटा ही तिची चिन्हे होत.

मेजां पठार आठशे ते बाराशे मीटर उंचीवर आहे आणि तेथे एका चौरस किलोमीटरमागे दोन माणसेही नाहीत. उन्हाळ्याच्या आरंभी या पठारावर पिसांसारखे रुपेरी तुरे असलेले गवत वाऱ्यावर लवते, आणि अशा मोकळ्या, कोरड्या कुरणांवरच अवलंबून असलेल्या वनस्पती, फुलपाखरे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तेथे आहेत. चराई थांबली की काही वर्षांत प्रथम बॉक्स आणि जुनिपरची झुडपे येतात, मागोमाग पाइन येतो. त्यातही २०व्या शतकात सरकारी उत्तेजनाने लावलेला ऑस्ट्रियन काळा पाइन बी उधळत कुरणांत घुसतो आहे. त्याच्याखाली वाढणारे जंगल विविधतेच्या दृष्टीने गरीब असते. म्हणून उद्यान मेंढपाळाशी करार करते, झुडपे तोडण्यास साहाय्य करते आणि काही जागी मुद्दाम कळप फिरवते. १९९३ पासून ल व्हिलारे येथे प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे ठेवले आहेत. कुरण त्यांना मानवले, आणि येथे वाढलेले काही घोडे २००४ आणि २००५ मध्ये मंगोलियाला पाठवले गेले.

आमची खरी काळजी वेगळी आहे. करार करायला मेंढपाळ उरला पाहिजे. दूध आणि मांसाचे भाव, मळा पुढे चालवणाऱ्या वारसाचा अभाव आणि आता लांडग्याचे पुनरागमन या तीन गोष्टी त्याच्या मुळावर येत आहेत. १९९२ मध्ये इटलीच्या बाजूने लांडगा फ्रान्समध्ये परत आला आणि पुढे या पठारांपर्यंतही पोचला. शेकडो हेक्टरच्या मोकळ्या कुरणावर कुंपण आणि राखणीचे कुत्रे हा उपाय आल्प्समध्ये जितका चालतो तितका येथे चालत नाही, असे मेंढपाळांचे म्हणणे आहे. लांडग्यालाही कायद्याचे संरक्षण आहे, कुरणालाही आहे, आणि दोन्हींची किंमत एकाच माणसाकडून घेतली जाते. खाली ला मालेनमध्ये उन्हाळाभर होड्या भरलेल्या असतात, पण त्या होडीतून मान वर करून जे पाहायचे, ते मोकळे माथे आणि घिरट्या घालणारी गिधाडे, दोन्ही वरच्या कळपामुळे आहेत. पर्यटनाचा पैसा घळीत राहतो आणि कष्ट पठारावर, हा असमतोल स्थानिक ग्रामसंस्थांनी मनावर घेतला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

प्रश्न : आमची मुलगी तुलूझला शिकते. तिला भेटायला गेल्यावर तेथे जाता येईल का आणि केव्हा जावे? (वाचक दांपत्य, ठाणे)

जाता येईल. ला मालेनला रेल्वे नाही. मीयो आणि माँद या दोन शहरांपासून ते साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. तेथून पुढे स्वतःची अथवा भाड्याची गाडी असलेली बरी, कारण सार्वजनिक वाहने थोडी आणि हंगामापुरती असतात. घळीतला रस्ता अरुंद आहे, काही बोगद्यांतून आणि कड्याखालून जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर कायाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) वाहणाऱ्या गाड्यांची रांग लागते. शक्य असल्यास मेच्या उत्तरार्धात किंवा जूनमध्ये जावे, तेव्हा पठार फुललेले असते आणि नदीला पाणीही पुरेसे असते. सप्टेंबरही चांगला. नोव्हेंबर ते मार्च होड्या बंद असतात आणि बहुतेक खाणावळीही.

एक दिवस घळीसाठी ठेवलात तर दुसरा पठारासाठी ठेवा. ला मालेनहून पूल ओलांडून मेजांवर चढणारा वळणावळणांचा रस्ता आहे, वर पोचल्यावर ऊर्तू नावाच्या कड्यावरून नदी सरळ खाली दिसते. पठारावर काही घरांच्या दारांवर सूर्यफुलासारखे मोठे काटेरी फूल खिळ्याने ठोकलेले आढळेल. हवेत ओल वाढली की ते मिटते, म्हणून मेंढपाळ त्यावरून हवामान पाहत. ते फूल तोडू नये. पूर्वी प्रवाशांनी इतकी तोडली की आता त्यावर निर्बंध आहेत. पाण्याच्या बाटल्या मात्र खालीच भरून घ्याव्यात, वर झरा नाही.